दलदल कुणाची, ताप कुणाला

२३ डिसेंबर १९०० या तारखेचा इटलीतला एक कायदा इतिहासाच्या पुस्तकांत सहसा सापडत नाही. मीठ आणि तंबाखू यांचा तिथे सरकारी मक्ता होता आणि या दोन जिनसांची परवानाधारक दुकाने गावोगावी होती. जिथे डॉक्टर नाही, औषधाचे दुकान नाही, अशा वस्तीतही मीठ-तंबाखूचे दुकान हमखास असे. नव्या कायद्याने याच दुकानांत सरकारने बनवलेले क्विनीन ठरावीक, स्वस्त दराने विकायला ठेवले. गोळ्या तुरीनच्या लष्करी औषधशाळेत तयार होत. थोड्याच दिवसांत दुकानांच्या पाट्यांवर मीठ आणि तंबाखू यांच्या जोडीला ‘सरकारी क्विनीन’ हे शब्द आले. इटली म्हटले की सीझर, पोप, गॅरिबाल्डी, मुसोलिनी ही नावे ओळीने आठवतात. हिवतापाचा विषय निघाला तर मुसोलिनीने दलदल आटवली एवढे वाक्य कानावर येते. माझे म्हणणे असे की, या दुकानाच्या पाटीला त्या साऱ्या कालव्यांपेक्षा अधिक महत्त्व आहे. हिवताप हा पाण्याचा प्रश्न आहे असे समजून रोमच्या राज्यकर्त्यांनी दोन हजार वर्षे जे जे केले, ते बहुतेक फसले किंवा टिकले नाही. तो त्या जमिनीवर राबणाऱ्या माणसाचा प्रश्न आहे हे सरकारने मान्य केले, तेव्हा कुठे मृत्यूचे आकडे हलले.

यासाठी रोमच्या आग्नेयेला लेपिनी डोंगर आणि समुद्र यांच्यामधला पोंतिनोचा सखल पट्टा पाहावा. डोंगरातून ओढे उतरतात, किनाऱ्यावर वाळूच्या टेकड्या आडव्या आहेत, आणि मधली जमीन समुद्रसपाटीला जेमतेम टेकलेली, काही ठिकाणी तिच्याही खाली. पाणी इथे साचणारच, यात कुणाचा दोष नाही. पण ही जमीन कायम ओसाड होती असे मात्र नाही. दलदल आहे तिथे पूर्वी चोवीस नगरे होती, असे पहिल्या शतकातल्या प्लिनीने ऐकीव माहितीवरून नोंदवले आहे. आकडा फुगवलेला असेल. पण रोममध्ये धान्याची टंचाई झाली की पोंतिनोकडे माणसे धाडली जात, हे लिव्हीच्या इतिहासातही येते. इथल्या जमिनीचे वाटप व्हावे म्हणून रोमचे सामान्य नागरिक भांडत होते, आणि इ.स.पू. ३५८ मध्ये या भागातल्या वसाहतवाल्यांसाठी ‘पोंप्तिना’ नावाचा नवा मतदारगट स्थापन झाला. ज्या जमिनीसाठी लोक भांडतात ती रोगट ओसाडी नसते. लातियुम प्रदेशात जागोजागी सापडणारे, खडकात खोदलेले पाणी काढण्याचे जुने बोगदेही तेच सांगतात. पुढे इ.स.पू. ३१२ मध्ये आप्पियुस क्लाउदियुसने याच पट्ट्यातून आप्पिया रस्ता नेला, आणि इ.स.पू. १६० मध्ये कॉन्सल कॉर्नेलियुस केथेगुसला इथली दलदल आटवायचे काम हाती घ्यावे लागले. म्हणजे दोनशे वर्षांत वाटून घेण्याजोगी जमीन आटवण्याजोगी झाली होती.

मधल्या काळात काय घडले? डोंगरावरची झाडी तुटली, गाळ खाली आला, उंच भरावावरून नेलेल्या रस्त्याने पाण्याच्या वाटा अडवल्या, अशी कारणे दिली जातात आणि ती खोटी नाहीत. पण याच दोनशे वर्षांत लहान शेतकरी लढायांवर गेला, त्याची जमीन मोठ्या जमीनदाराकडे आली आणि शेतावर गुलाम आले. सखल भागातले चर दरवर्षी उपसावे लागतात. स्वतःच्या चार एकरांसाठी माणूस ते करतो. हजारो एकरांच्या मालकाला गुरे चारून पैसा मिळत असेल, तर तो चर बुजू देतो. हा तर्क आहे, पुरावा नाही, हे मान्य. मात्र मालकांची दृष्टी कशी होती याचा पुरावा आपल्याकडे आहे, आणि तोही एका मालकाच्याच लेखणीतून आलेला.

वार्रोने आपला शेतीवरचा ग्रंथ इ.स.पू. ३७ च्या सुमारास लिहिला. दलदलीजवळ घर बांधू नका, तिथे डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव वाढतात, ते हवेबरोबर नाका-तोंडातून शरीरात शिरतात आणि अवघड आजार देतात, असे त्याने सांगितले आहे. सूक्ष्मजंतूंची चाहूल म्हणून हा उतारा वैद्यकाच्या इतिहासात नेहमी गौरवला जातो. मला त्याच्या पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. असे शेत वारसाहक्काने गळ्यात पडले तर काय करावे, या प्रश्नाला तिथे उत्तर आहे: मिळेल त्या भावाने विकून टाका, नाहीतर सोडून द्या. आणि काही पानांनंतर, मजूर कोणते लावावेत याची चर्चा करताना वार्रो शांतपणे सल्ला देतो की, रोगट जागी गुलामांपेक्षा रोजंदारीची माणसे लावणे फायद्याचे. का, हे त्या काळच्या वाचकाला फोडून सांगायची गरज नव्हती. गुलाम पैसे देऊन आणलेला असतो, तो मेला तर मालकाचे भांडवल बुडते. रोजंदारीवरचा मेला तर उद्या दुसरा येतो. ताप कुठून येतो याचा अंदाज रोमला होता. पालातिन टेकडीवर तापाच्या देवीचे, फेब्रिसचे, देऊळही होते. ताप कुणाच्या अंगावर टाकायचा, याचा हिशेबही रोमने केलेला होता.

१९०७ मध्ये इंग्रज अभ्यासक डब्ल्यू. एच. एस. जोन्स याने ग्रीस आणि रोम यांच्या ऱ्हासामागे हिवताप होता असे मांडणारे पुस्तक लिहिले. त्याला प्रस्तावना होती रोनाल्ड रॉस यांची. दहा वर्षांपूर्वी सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी त्यांनीच पाहिला होता. तापाने रोमन माणसाचे शील खचले, असा काहीसा या मांडणीचा रोख आहे. ती मला पटत नाही. साम्राज्य पडायला एक डास पुरत नाही, आणि ज्या शतकांत रोम सर्वांत बलाढ्य होते त्याच शतकांतला हिवताप आता पुराव्याने सिद्ध झाला आहे: दक्षिण इटलीत पहिल्या-दुसऱ्या शतकांतल्या दफनांतील दातांत घातक जातीच्या परजीवीचा, फॅल्सिपेरमचा, डीएनए सापडला आहे. रोमच्या उत्तरेला लुन्यानो इन तेवेरिना इथले उत्खनन त्याहून बोलके आहे. तिथे पाचव्या शतकाच्या मध्याला, ओस पडलेल्या एका श्रीमंती वाड्याच्या खोल्यांत ४७ बालके पुरली गेली. बहुतेक तान्ही किंवा दिवस पुरे न भरलेली. सोबत कुत्र्याच्या पिल्लांचे सांगाडे आणि डोमकावळ्याचा पंजा. अडीच-तीन वर्षांच्या एका मुलाच्या पायाच्या हाडात फॅल्सिपेरमचा डीएनए मिळाला. वाड्याचा मालक केव्हाच निघून गेला होता. मागे राहिलेल्या लोकांनी त्याच्या पडक्या दालनांत आपली मुले पुरली, आणि ताप उतरावा म्हणून त्यांना ठाऊक होते ते सारे तोडगे केले.

पोपांच्या राजवटीत या पट्ट्यात नवे कालवे खणायची हौस दर शतकाला उफाळून आलेली दिसते. दहाव्या लिओच्या वेळी, १५१४ च्या सुमारास, लिओनार्दो दा विंचीने पोंतिनोचा नकाशा काढला. तो सुंदर आहे, पण कामाचा फारसा उपयोग झाला नाही. पाचव्या सिक्स्तुसने १५८६ नंतर एक मोठा प्रवाह काढला, त्याला आजही त्याचे नाव आहे. सहाव्या पायसने १७७७ पासून अभियंता राप्पिनी याच्याकडून आप्पिया रस्त्यालगत सरळसोट कालवा खणवला. प्रत्येक वेळी काही जमीन कोरडी झाली, मोठ्या खंडकऱ्यांच्या हाती गेली, आणि कालवे पुन्हा गवताने भरले. मजूर डोंगरातल्या गावांतून हिवाळ्यात खाली येत आणि पिके निघाली की वर परतत. त्यांना आणणारा माणूस ‘कापोराले’. आपल्याकडच्या ऊसतोडीच्या मुकादमाचा तो थोरला भाऊ शोभेल. तोच उचल देई, तोच मजुरीतून कापून घेई. राहायला गवताच्या कोप्या, प्यायला चरातले पाणी, आणि ताप चढला की तिथेच पडून राहायचे. पेरूहून आलेली सिंकोनाची साल सतराव्या शतकाच्या मध्यापासून रोममध्ये उपलब्ध होती. जेझुइटांनी आणि कार्डिनल दे लुगोने ती सान्तो स्पिरितो इस्पितळात गरिबांनाही दिली, हे त्यांचे पुण्य. पण इस्पितळ रोममध्ये आणि कोप्या दलदलीत, यामधले अंतर त्या सालीने कापले नाही.

इथे एक आक्षेप येतो. ताप गरीब-श्रीमंत पाहत होता का? सातवा अर्बन १५९० मध्ये पोप झाला आणि दोन आठवड्यांच्या आत हिवतापाने गेला. आणि आधुनिक इटलीचा शिल्पकार काव्हूर, १७ मार्च १८६१ ला राज्य स्थापन झाले आणि ६ जूनला तुरीनमध्ये वयाच्या पन्नासाव्या वर्षी वारला. ताप चढत-उतरत होता आणि डॉक्टर पुन्हा पुन्हा शीर तोडून रक्त काढत होते. तो हिवतापच असावा असे बहुतेकांचे मत आहे. आक्षेप खरा आहे, पण काव्हूरला ताप कुठे जडला ते पाहिले की तो सैल पडतो. व्हेर्चेल्लीजवळच्या लेरी इथे त्याच्या घराण्याची भाताची मोठी शेती होती आणि तो वर्षानुवर्षे तिथे जातीने लक्ष घालत असे. पाण्याने भरलेल्या भातखाचरांत पाय ठेवणारा जमीनदार विरळा, म्हणून त्याचे नाव इतिहासाला ठाऊक आहे. त्याच खाचरांत गुडघाभर पाण्यात वाकून तण काढणाऱ्या हजारो बायकांची नावे कुठल्या चरित्रात नाहीत. श्रीमंताला ताप येऊ शकतो. पण उन्हाळा लागताच डोंगरावर जाण्याची सोय ज्याला आहे, त्याचा ताप अपघात असतो. ज्याला नाही त्याचा ताप कामाचाच भाग असतो.

एकीकरणानंतर हा आजार कमी व्हायला हवा होता, तो वाढला. चर्चच्या जमिनी विक्रीला निघाल्या, नव्या मालकांनी अपेनाइन्सची रानं तोडली, नद्या खाली गाळ आणि पूर आणू लागल्या. लोहमार्ग सखल किनाऱ्याने टाकले गेले, भरावासाठी खणलेले खड्डे पावसाने भरले, आणि स्टेशनमास्तर, फाटकवाले, गँगमन तापाने पडू लागले. खासगी कंपन्यांच्या खात्यात औषधोपचाराचा आणि बदली माणसांचा खर्च दिसू लागला, तेव्हा संसदेला जाग आली. सिनेटर लुइजी तोरेल्ली याने १८८२ मध्ये देशाचा हिवताप-नकाशा प्रसिद्ध केला. रोगाचे रंग ज्यांत नाहीत असे प्रांत त्यात बोटांवर मोजण्याइतके आहेत. पुढच्या दशकात दरसाल पंधरा ते वीस हजार माणसे या आजाराने मरत होती, आणि तापाने अंथरूण धरणाऱ्यांचा आकडा वीस लाखांच्या घरात धरला जात होता. मजुराच्या तापाने तोपर्यंत कुणाचा हिशेब बिघडला नव्हता, रेल्वेचा बिघडला, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

पुढची वीस वर्षे इटालियन विज्ञानाची. फ्रेंच लष्करी डॉक्टर लाव्हराँ याने १८८० मध्ये अल्जीरियात रुग्णाच्या रक्तात परजीवी पाहिला. रोममध्ये मार्कियाफाव्हा आणि चेल्ली यांनी तो बारकाईने अभ्यासून त्याला ‘प्लास्मोडियम’ नाव दिले, तर पाव्हियात गोल्जीने तापाच्या पाळ्या आणि परजीवीची वाढ यांची सांगड घातली. ऑगस्ट १८९७ मध्ये रॉस यांनी सिकंदराबादेत आणि पुढच्या वर्षी कलकत्त्यात पक्ष्यांवरच्या प्रयोगांतून डासाचा मार्ग दाखवला. १८९८ च्या अखेरीस ग्रासी, बिन्यामी आणि बास्तियानेल्ली यांनी माणसाला हा ताप ॲनॉफेलीस डासच देतो हे सिद्ध केले. रॉस आणि ग्रासी आयुष्यभर एकमेकांवर चोरीचे आरोप करत राहिले. रॉस यांना १९०२ चे नोबेल मिळाले, ग्रासीला नाही, आणि इटलीत ती सल अजून आहे. भांडण रसाळ आहे, पण इथे ग्रासीचा दुसरा प्रयोग महत्त्वाचा. १९०० च्या उन्हाळ्यात त्याने पेस्तुमजवळच्या कापाच्चोच्या सपाटीवर रेल्वे कामगारांच्या घरांना बारीक जाळ्या लावल्या आणि संध्याकाळनंतर त्यांना आत थांबवले. शंभरावर माणसांपैकी पाच जणांनाच ताप आला. जाळी नसलेल्या शेजाऱ्यांपैकी जवळजवळ कुणी सुटले नाही. दलदल होती तशीच होती, डासही तेवढेच होते. बदलली होती ती घराची खिडकी.

क्विनीनच्या कायद्याला ही पार्श्वभूमी आहे. तो घडवण्यात पुढाकार घेणारा आंजेलो चेल्ली वैज्ञानिकही होता आणि संसदेचा सदस्यही. दक्षिणेच्या दारिद्र्याचा अभ्यासक जुस्तिनो फोर्तुनातो त्याच्यासोबत होता. एकामागून एक दुरुस्त्या होत गेल्या. हिवतापाच्या जाहीर केलेल्या टापूत मजुरांना क्विनीन फुकट द्यायचे आणि त्याचा खर्च जमीनमालकांकडून वसूल करायचा, अशी तरतूद झाली. वार्रोच्या हिशेबाला हे पहिले उत्तर होते: रोजंदारीवरच्या माणसाचा ताप आता मालकाच्या खात्यावर पडला. मालकांनी अर्थातच टापूच्या हद्दीवर वाद घातले, मजुरांच्या याद्या अडवल्या, पैसे थकवले. आणि मजूरही सहज वश झाले नाहीत. सरकार म्हणजे कर आणि सैन्यभरती, असा ज्यांचा अनुभव, ते सरकारी कडू गोळी विष आहे असे समजले तर नवल नाही. कुणी ती थुंकली, कुणी विकली. मुलांसाठी मग क्विनीन घातलेली चॉकलेटे निघाली.

चेल्ली, त्याची जर्मन परिचारिका पत्नी आन्ना फ्राएन्त्सेल आणि लेखक जोव्हान्नी चेना यांच्या गटाने १९०४ पासून रोमच्या माळरानावर मजुरांच्या शाळा काढल्या. कधी झोपडीत, कधी गोठ्यात, रविवारी आणि रात्री. यामागे दानशूरपणा होता तसा व्यवहारही होता. गोळ्या किती, कधी, किती दिवस घ्यायच्या हे ज्याला मोजता-वाचता येते, त्याच्यावरच उपचार पुरा होतो. उत्तरेत भातखाचरांतल्या बायकांनी याच वर्षांत संप केले, आणि व्हेर्चेल्लीत १९०६ मध्ये आठ तासांचा दिवस मिळवला. मला ही दोन वेगळी प्रकरणे वाटत नाहीत. देशात हिवतापाने होणारे मृत्यू १९०० मध्ये पंधरा हजारांच्या वर होते, १९१४ मध्ये दोन हजारांच्या आसपास आले. या चौदा वर्षांत पोंतिनोची दलदल होती तिथेच होती. क्विनीनने मृत्यू घटतात, लागण तितकी घटत नाही, ही या मोहिमेवरची जुनी टीका आहे आणि ती बरोबर आहे. चेल्लीला वाटले होते तसा आजार औषधाने निर्मूळ झाला नाही. पहिल्या महायुद्धात क्विनीन आणि डॉक्टर आघाडीवर गेले तेव्हा १९१८ मध्ये मृत्यूंनी पुन्हा अकरा हजारांची मजल ओलांडली. पण हा चढसुद्धा माझ्या म्हणण्याच्या बाजूने बोलतो: माणसांपर्यंत पोचणारी यंत्रणा हटली आणि ताप परतला.

आता मुसोलिनी. त्याच्या राजवटीने जे केले ते थोडे नव्हते, आणि फॅसिझमचा तिटकारा आहे म्हणून ते नाकारण्यात अर्थ नाही. १९२८ चा जमीनसुधार कायदा, पंपगृहे, शेकडो कोसांचे कालवे, १९३२ मध्ये लित्तोरिया (आजची लातिना), मग साबाउदिया, पोंतिनिया, अप्रिलिया, पोमेझिया ही नवी गावे, उत्तरेकडच्या व्हेनेतो-फ्रिउलीहून आणलेली कुटुंबे आणि त्यांच्यासाठी सुमारे तीन हजार पक्की शेतघरे. पण या यशाची वीण उसवून पाहिली की आत काय दिसते? हजारो मजुरांनी कालवे खणले, त्यातल्या अनेकांनी ताप भोगला. ते चित्रपटगृहांतल्या प्रचारपटांत दिसत नाहीत. घरांना जाळ्या होत्या त्या ग्रासीच्या, फिरते दवाखाने आणि क्विनीन चेल्लीचे, आणि जमीनसुधाराची कायदेशीर चौकट बरीचशी आधीच्या उदारमतवादी सरकारांची. मोठ्या वतनांचा काही भाग काढून घेऊन तिथे राहणारी, बारमाही कसणारी कुटुंबे बसवली, हे मात्र नवे होते, आणि मोहीम टिकली ती त्यामुळे. ती कुटुंबे लगेच मालक झाली नाहीत, माजी सैनिकांच्या सरकारी संस्थेचा अंमल त्यांच्यावर कडक होता, हेही खरे. तरी उन्हाळ्यात पळून न जाणारा माणूस पोंतिनोत पुन्हा राहू लागला होता. सहाव्या पायसला कालवा जमला, हे जमले नाही.

नुसत्या कालव्यांचा आधार किती कच्चा आहे ते १९४३ च्या शरद ऋतूत कळले. इटलीने शरणागती पत्करल्यावर जर्मन सैन्याने पंप बंद केले, काही उलटे चालवले, समुद्राचे खारे पाणी आत घेतले. खाऱ्या-गोड्या मिश्रणात वाढणाऱ्या लाब्रांकिए जातीच्या डासाला याहून चांगले पाणी नाही. आन्झिओला दोस्त सैन्य उतरले ते या पाण्याच्या काठावर. हे जाणूनबुजून केलेले जैविक युद्ध होते असे अमेरिकन इतिहासकार फ्रँक स्नोडन यांचे प्रतिपादन आहे. इतर काही इतिहासकार तो नुसता लष्करी डावपेच म्हणून आणलेला पूर मानतात. हेतू काहीही असो, परिणामावर वाद नाही. लातिना प्रांतात १९४३ मध्ये १,२१७ नवे रुग्ण नोंदले गेले, १९४४ मध्ये ५४,९२९. एका हंगामात अभियांत्रिकीचे सारे काम पाण्याखाली गेले.

शेवटचा आणि सर्वांत वजनदार आक्षेप डीडीटीचा. ते आल्यावर पाच-सहा वर्षांत इटलीतला हिवताप संपला, मग शाळा, मजुरी, कायदे यांचे कौतुक कशाला? सार्डिनिया बेटावर १९४६ ते १९५० दरम्यान रॉकफेलर प्रतिष्ठानच्या पैशाने हजारो मजुरांनी घरे, गोठे, पूल, डबकी फवारली. फवारलेल्या घराच्या दारावर ‘डीडीटी’ आणि तारीख छापली जाई. आपल्याकडे हिवताप कर्मचारी भिंतीवर गेरूने तारीख लिहीत, तसेच. १९४६ मध्ये बेटावर ७५ हजारांहून अधिक रुग्ण होते, १९५१ पर्यंत ते नगण्य झाले. गंमत अशी की, मोहिमेचे घोषित उद्दिष्ट डासाची जात नष्ट करणे हे होते आणि ते साफ फसले. लाब्रांकिए उरला, ताप गेला.

आता याच औषधाची दुसरी कहाणी शेजारी ठेवून बघू. मुंबई प्रांतात डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी १९४६ पासून धारवाड-कारवार भागात डीडीटीचे उत्तम निकाल दाखवले. १९५३ मध्ये देशव्यापी कार्यक्रम आला, १९५८ मध्ये त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले, आणि १९६५ पर्यंत भारतातले रुग्ण सुमारे एक लाखावर उतरले. १९७६ मध्ये ते चौसष्ट लाखांवर गेले. औषध तेच, फवारणीची पद्धत तीच. डासांची प्रतिकारशक्ती, हवामान, विस्तार हे फरक आहेतच, आणि भारतासारख्या खंडप्राय देशाची इटलीशी बरोबरी करणे अन्यायाचे होईल. पण इटलीत डीडीटी आले ते अर्धशतक तयार झालेल्या पायावर: गावोगावी दवाखाना, लागण झालेल्याला शोधून पूर्ण उपचार देण्याची सवय, जाळीची पक्की घरे, आणि पन्नासच्या दशकात वतनदारी मोडणारे जमीनवाटप. डासांची संख्या काही काळ पडली तेवढ्यात उरलेले रुग्ण बरे करून टाकण्याइतकी यंत्रणा तिथे होती. १९७० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने इटली हिवतापमुक्त जाहीर केला.

१९९७ च्या उन्हाळ्यात तोस्कानातल्या ग्रोस्सेतो प्रांतात, जुन्या मारेम्मा दलदलीच्या भागात, कधी परदेशी न गेलेल्या एका स्त्रीला हिवताप झाला. जवळच राहणाऱ्या, भारतातून नुकत्याच आलेल्या एका मुलीच्या रक्तातून स्थानिक लाब्रांकिए डासाने तो उचलला असावा, असा तपासाचा निष्कर्ष निघाला. दोघींवर उपचार झाले आणि साखळी तिथेच तुटली. डास आहे, पाणी आहे, परजीवीही अधूनमधून येतो, तरी साथ होत नाही.

पोंतिनोत आज भाजीपाल्याची, किवीची आणि प्लास्टिकच्या हरितगृहांची शेती आहे, आणि तीत मोठ्या संख्येने पंजाबहून आलेले शीख मजूर राबतात. त्यांना शेतावर नेणारा माणूस अजूनही ‘कापोराले’ म्हणूनच ओळखला जातो, आणि मजुरीतून अजूनही कापतो. एप्रिल २०१६ मध्ये या मजुरांनी लातिनात संप केला. त्याच वर्षी संसदेने मुकादमीविरुद्धचा कायदा कडक केला. त्यात मुकादमाबरोबर त्याच्याकडून माणसे घेणारा शेतमालकही आरोपी ठरतो. जून २०२४ मध्ये याच भागात यंत्रात हात तुटलेल्या एका भारतीय मजुराला इस्पितळात न नेता त्याच्या घरापाशी टाकून दिले गेले आणि दोन दिवसांनी तो मेला. त्याच्याकडे कामाचा लेखी करार नव्हता.